शालनताईंचा दुसरा शब्द

"मी बोलतोय," असं फोनवर सांगणाऱ्या माणसाचा शालनताईंना मनापासून राग यायचा. जगातला प्रत्येक माणूस 'मी'च असतो, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. एकदा आमचे मालकच स्वतःचा पासवर्ड विसरले. त्यांची केबिन काचेची आणि ताईंच्या टेबलापासून दहा पावलांवर. तरी त्यांनी उठण्याचे कष्ट न घेता आतूनच फोन लावला.

"शालनताई, अहो मी बोलतोय. जरा माझं लॉगिन उघडून द्या."

"मी म्हणजे कोण?"

मालकांनी काचेतून हात हलवला. ताईंनीही तितक्याच अगत्यानं हलवला आणि म्हणाल्या, "हात कुणीही हलवतं, सर. मोबाइलवर कोड आला असेल, तो सांगा."

कोड गेला होता मालकांच्या जुन्या नंबरवर. तो नंबर वहिनींकडे, आणि वहिनी मिरजेत एका लग्नात. त्यांनी पर्समधला फोन बघेपर्यंत आमचे मालक दीड तास केबिनमध्ये वर्तमानपत्र वाचत बसले. त्या दिवशी ते ताईंवर इतके चिडले होते की आता यांची नोकरी जाते असं आम्हाला वाटलं. पुढं हाच किस्सा ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायला लागले, आणि त्यांच्या सांगण्यात 'मलासुद्धा कोडशिवाय सोडायचं नाही' हा हुकूम त्यांनीच दिलेला असायचा.

आमची सांगलीतली सॉफ्टवेअर कंपनी लहान, चौदा माणसांची. एका साखर कारखान्याच्या सभासदांसाठी आम्ही पोर्टल बनवलं होतं. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, फोन नंबर, वारसाचं नाव, सगळं त्यावर. माझ्याकडे काम लॉगिनचं. येणारा माणूस खरा आहे का, हे तपासण्याचं काम आम्ही क्लाउडवरच्या एका सेवेकडे सोपवलं होतं. आपण तिला सभासद क्रमांक पाठवायचा, ती उलट एक प्रश्न पाठवते, त्याला चॅलेंज म्हणतात. उत्तर आपण परत पाठवायचं आणि ती हो किंवा नाही सांगते. पुढचा प्रश्न कुठला, तो कसा विचारायचा आणि उत्तर बरोबर की चूक, ही तीन कामं करणारे प्रोग्रामचे तीन तुकडे मी लिहून तिला जोडले होते. मला त्यांचा फार अभिमान होता.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी फोन करायचा आणि तो शालनताईंनी घ्यायचा. साठीच्या घरातल्या, किरकोळ अंगाच्या, कानात हेडफोन घालून सरळ पाठीनं बसणाऱ्या. कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेल्या. वडील धरणाच्या कामावर होते. तरुणपणी तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दोऱ्या खोचून लाइन जोडून द्यायचा तो काळ. आवाज एकदा ऐकला की त्यांच्या डोक्यात कायमचा बसायचा. फोन उचलताच माणूस कोण ते त्यांना कळायचं, पण तसं त्या कधी दाखवायच्या नाहीत. "ओळखलं तरी विचारायचं," हा त्यांचा कायदा. "ओळख आपल्या मनात असते गं," असं त्या नव्या मुलींना सांगायच्या, "ती काय पुरावा नव्हे."

आमच्या क्लाउडला त्या 'वरची' म्हणायच्या. कोयनेचा ट्रंक कॉल कराडच्या एक्स्चेंजमधून जायचा, तिथल्या ऑपरेटरला कोयनेच्या सगळ्या ऑपरेटर वरची म्हणत. "थांबा, वरचीला विचारते." "नाही हो, वरची नको म्हणते." सभासदांना वाटायचं, वरच्या मजल्यावर कुणी कडक मॅडम बसतात. एक कडेगावचे आजोबा तर त्या मॅडमसाठी काकवीची बाटली घेऊन आले होते. आमच्यावर मजलाच नाही हे ताईंनी त्यांना सांगितलं नाही. बाटली मात्र सगळ्या ऑफिसात वाटून दिली.

टेबलावर पाण्याचा स्टीलचा पेला कायम भरलेला. कुठं जरा धडधडलं की त्या आधी पेल्याकडे बघत. कोयनेच्या माणसाची ही सवय, पाणी हललं तर भूकंप, नाहीतर ट्रक. एकदा खरंच हललं. आम्ही सगळे जिन्यावरून धडपडत खाली गेलो. परत आलो तर ताई जागेवरच, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आता सहावा आकडा सांगा."

त्या आल्या त्याच आठवड्यात माझा अभिमान त्यांनी उतरवला. मोबाइल नसलेल्या सभासदांसाठी मी काही सुरक्षा-प्रश्न ठेवले होते, सगळीकडे असतात तेच. ताईंनी यादी वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"आईचं माहेरचं आडनाव. अमोल, हे गुपित आहे होय रे? अख्ख्या भावकीनं त्या लग्नात जेवलेलं असतं."

"मग पुढचे प्रश्न आहेत की, ताई."

"पहिली शाळा कुठली? गावात शाळाच एक. आवडता प्राणी? बैलाचं नाव तर मारुतीच्या देवळात बसलेलं पोरगंसुद्धा सांगेल. हे प्रश्न शहरात ठीक आहेत. तिथं शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो."

मला राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा आला. मी म्हटलं, "मग मोबाइलवर कोड पाठवू, तीन मिनिटांत टाकायचा."

"कोड जाईल पोराच्या फोनवर. पोरगं मिलिटरीत, डोंगरावर, रेंज नाही. तीन मिनिटं संपली की वरची दार लावणार." मग हसून म्हणाल्या, "नाहीतर तीन मिनिटं लय झाली. आमच्या वेळी ट्रंक कॉल तीनच मिनिटांचा, तेवढ्यात लग्न ठरायचं."

शेवटी त्यांनी सुचवलं तेच झालं. प्रश्न नकोच. ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही त्याला दुपारी, घर रिकामं असताना, घरच्या नाहीतर शेजारच्या फोनवर गाठायचं आणि त्याच्या मनातला एक शब्द घ्यायचा. ताईंनी कित्येक महिने दुपारी दोन ते चार हेच काम केलं. "घरात कोण आहे?" हा पहिला प्रश्न. "समदी रानात गेल्यात," असं उत्तर आलं तरच पुढं. शब्द त्या स्वतः टाइप करायच्या, म्हणजे त्यांना सगळ्यांचे शब्द कळलेले असणार. मी एकदा तसं म्हटलं. "ऐकू येतं," त्या म्हणाल्या, "ऐकायचं नसतं. ऑपरेटरला पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

महिन्याभरानं त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "एक शब्द पुरत नाही. दोन घेऊया."

"दोन कशाला?"

"एक रोजचा. आणि एक, कुणी शेजारी उभं राहून वदवून घेत असेल तेव्हाचा. दुसरा शब्द आला तरी वरचीनं हो म्हणायचं. पण काम करायचं नाही, अडवून ठेवायचं. आणि माझ्या पडद्यावर तेवढी खूण दिसली पाहिजे."

मी दोन दिवस खपून उत्तर तपासणाऱ्या तुकड्यात ही सोय केली. दुसरा शब्द आला की ताईंच्या पडद्यावर एक पिवळा ठिपका. ताईंनी तपासून पाहिलं आणि एक चूक काढली. बदल खरोखर झाला तर पोर्टलवर शब्द टाकणाऱ्याच्या पडद्यावर 'बदल झाला' येत होतं, आणि अडवला तर 'विनंती मिळाली'. "समोरचा वाचणाराच असेल ना रे? त्याला फरक कळेल, आणि म्हातारीला घरी भोगावं लागेल. दोन्हीकडे 'विनंती मिळाली' असंच लिही. खोटंही नाही आणि फरकही नाही." इतक्या वर्षांत मला भेटलेल्या एकाही इंजिनिअरनं इतक्या पुढचं पाहिलेलं नाही, हे मी लिहून देतो.

या शब्दाला काय म्हणायचं, असं मी विचारलं. त्या चटकन म्हणाल्या, "माहेरचा शब्द."

"आणि म्हाताऱ्या पुरुषांना काय सांगायचं?"

"त्यांनाही तेच. पुरुषांनासुद्धा कधीतरी माहेर लागतंच."

वर्षभर तो ठिपका पेटला नाही. मी तर विसरूनही गेलो होतो.

एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला ताईंना फोन आला. मी शेजारच्या टेबलावर. बोलणारा स्पीकर लावून इतका मोठ्यानं बोलत होता की हेडफोनबाहेरही ऐकू येत होतं.

"आवं मॅडम, आमच्या चुलतीच्या नावावर वारस बदलायचा हाय. हौसाबाई. शिराळ्याजवळनं बोलतोय. म्हातारी हितंच हाय, बोला तिच्यासंगं."

हौसाबाई ताईंना आवाजानं चांगल्या माहीत. नवरा नाही, एकच मुलगी, सुनीता, कडेगावला दिलेली. घरात दिराचा मुलगा विकास आणि त्याचं कुटुंब. वारस म्हणून नाव होतं सुनीताचं. ते खोडलं गेलं की म्हातारीमागे उसाची नोंद आणि सभासदत्व पुतण्याकडे जाणार होतं.

"हौसाबाई, वारस कुणाला करायचं?" ताईंनी विचारलं.

"इकासला," पलीकडून बारीक आवाज आला.

"तुमचा शब्द सांगा."

 मग म्हातारी काहीतरी बोलली. ताईंनी टाइप केलं. मला त्यांच्या पडद्याचा कोपरा दिसत होता. तिथं पिवळा ठिपका पेटला.

ताईंचा आवाज केसभरही हलला नाही. "बरं हौसाबाई, विनंती मिळाली. जेवलात का?"

"न्हाई अजून."

"जेवून घ्या." त्यांनी फोन ठेवला, हेडफोन काढून नीट गुंडाळला. तो त्या साडेपाचशिवाय कधी काढत नसत. "अमोल, गाडी आणलीयस का आज?"

मी त्यांना समजावलं. अडवलेल्या विनंतीची मेल आपोआप कारखान्याच्या कचेरीत जाते, आपलं काम इथं संपतं. "ती मेल सोमवारी वाचतील," त्या म्हणाल्या. "मग तो साहेब चौकशीला त्याच घरी फोन करील. उचलणार कोण? विकास. म्हातारीनं दुसराच शब्द सांगितला हे त्याला तिथंच कळणार." मी गाडीची किल्ली उचलली. वाटेत त्यांनी सुनीताला फोन करून तडक निघायला सांगितलं, आणि तिचीही ओळख पटवून घेतल्याशिवाय एक अक्षर बोलल्या नाहीत.

 पेठ नाका ओलांडल्यावर ताई रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या.

"कोयनेला पोस्टात एक नवी नवरी यायची फोनला. सासू शेजारी उभी. सासूदेखत पोरी काय बोलणार? म्हणून घरातनं निघतानाच आईशी ठरवलेलं असायचं. तुळशीला पाणी घाल म्हटलं की मला न्यायला या. असं काहीबाही. लाइन स्वच्छ आहे का बघायला आम्हाला कानाला लावावं लागायचं, त्यामुळं मला अशा पुष्कळ पोरींच्या खुणा कळायच्या. ही पोरगी दर वेळी सगळं बेस हाय म्हणायची. एक दिवस म्हणाली, माझं हिरवं लुगडं उन्हात घाल. आवाजावरनं मला कळलं, ही तिची न्यायला या म्हणायची खूण. तिच्या माहेरच्या गावात फोन एकच, आईला घरून बोलावून आणावं लागायचं, पण त्या दिवशी बोलवायला कुणी गेलंच नव्हतं. पलीकडं भलतीच बाई होती. ती म्हणाली, बरं बरं, सांगते. आणि हसली."

"मग?"

"मग तीन मिनिटं झाली. मी लाइन काढली."

त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"मला तो नंबर परत लावता आला असता, अमोल. नुसतं म्हणायचं होतं, बाई, त्या पोरीच्या आईला जाऊन तिचे शब्द जसेच्या तसे सांगा. पण ऐकायचं नसतं ना! नियम पाळला मी. ती पोरगी परत फोनला आली नाही. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलंच नाही कुणाला. भीती वाटली."

मी गाडी चालवत राहिलो. मला वाटत होतं दुसरा शब्द ही ताईंची हुशारी. ती चाळीस वर्षं उरात ठेवलेली टोचणी होती, आणि मी तिच्यावर दोन दिवस काम करून ऑफिसात शाबासकी घेतली होती. मला माझीच लाज वाटली.

हौसाबाईंचं घर गावाच्या टोकाला, मागं ऊस. विकास बाहेर गेलेला, त्याची बायको रानात. म्हातारी सोप्यात बसून लसूण सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू. "आजी, सांगलीहून शालन आलीय," एवढं ऐकताच ती उठली, चाचपडत पुढं आली आणि ताईंच्या तोंडावरून हात फिरवला.

"आगं, तू तर लय बारीक हायस! आवाजावनं मला वाटलं थोराड आसशील."

"जेवलात का?" ताईंनी विचारलं.

"जेवले. तू सांगिटलं म्हून जेवले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हनला, नाव घाल न्हाईतर बोचकं बांध आन् जा लेकीकडं. आगं, पन्नास वर्सं ह्या घरात काढली म्या. जायाचं झालं तर माज्या पायानं जाईन. त्यानं म्हटल्यावर कशापायी जाऊ? म्हून मग सांगिटला त्यो शब्द. भ्या वाटत हुतं, तुज्या ध्यानात येतंय का न्हाई."

"आलं," ताई म्हणाल्या.  मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदललेला ऐकला.

मग त्यांनी माझा लॅपटॉप मांडीवर घेतला. सकाळची विनंती रद्द करायची तर हौसाबाईंचा रोजचा शब्द हवा. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, म्हातारीचा हात ताईंच्या हातात. तरी ताईंनी सभासद क्रमांक टाकला, वरचीचं चॅलेंज येईपर्यंत थांबल्या आणि रीतसर विचारलं, "हौसाबाई, तुमचा शब्द सांगा." उत्तर येण्याआधी मला म्हणाल्या, "तू जरा अंगणात जा." मी गेलो. परत आलो तेव्हा विनंती रद्द झाली होती आणि वारसाच्या जागी सुनीताचं नाव होतं तसं होतं. पुढं सोमवारी कचेरीतले साहेब स्वतः घरी येऊन हौसाबाईंचा लेखी जबाब घेऊन गेले. आजही त्या त्याच घरात आहेत, आणि सुनीता दर आठवड्याला येऊन जाते.

त्या महिनाअखेरीला ताईंनी काम सोडलं आणि मुलाकडे बेंगळुरूला गेल्या. निरोपाला मालकांनी शाल दिली, भाषण केलं, आपला पासवर्डचा किस्सा पुन्हा एकदा सांगितला. पण ताई म्हटल्या की माझ्या डोळ्यांपुढं तो शाल पांघरलेला फोटो येत नाही. हौसाबाईंचं दार येतं.

त्या दिवशी मला चार वाजता ऑफिसात मीटिंग होती. "तू जा, सुनीता येईपर्यंत मी बसते, नंतर एसटीनं येईन," म्हणून ताईंनी मला पिटाळलं. मी गाडी वळवत होतो तेवढ्यात समोरून मोटरसायकल आली. पस्तिशीचा दांडगा गडी, गळ्यात गमछा. अंगणात अनोळखी गाडी बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी गाडी बंद करून उतरायच्या बेतात होतो.

ताई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. चार फूट दहा इंचांची बाई, तिच्यानं त्या दाराची चौकटही पुरती भरत नव्हती. पदर खोचलेला, हात दोन्ही बाजूंना चौकटीला लावलेले.

"मी..." तो बोलायला लागला.

"मी म्हणजे कोण?" ताईंनी विचारलं. फोनवर विचारायच्या त्याच आवाजात, न चिडता, न घाईत.

तो थबकला. तो आवाज त्यानं सकाळीच ऐकला होता. त्याची नजर ताईंकडून मागं उभ्या असलेल्या चुलतीकडे गेली आणि परत ताईंवर आली. मग त्यानं मोटरसायकल बंद केली, गळ्यातला गमछा काढून हातात घेतला, आणि स्वतःच्या घरासमोर उभं राहून त्या परक्या बाईला आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.